वस्तऱ्याची धार: दगड, फिल्म की आधी पट्टा?

आजोबांच्या ट्रंकेतून निघालेला असो की ऑनलाइन मागवलेला, खरा वस्तरा घरात आला की माणूस लगेच दगड शोधायला लागतो. पैसे चुकीच्या जागी जातात ते इथेच. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: आधी चांगला पट्टा घ्या, म्हणजे दाढीआधी वस्तरा ज्यावर फिरवतात ती चामड्याची पट्टी. धार लावायचं सामान नंतर, आणि एकच वस्तरा असेल तर दगडाऐवजी काचेवरची फिल्म, म्हणजे घर्षक कण बसवलेला प्लास्टिकचा ताव. हे सगळ्यांना लागू नाही. कोणाला नाही ते पुढे येईलच.

सलूनमध्ये विचारून फार काही हाती लागत नाही. सांगलीत हरभट रोडला जा नाहीतर साताऱ्यात पोवई नाक्याला, बहुतेक खुर्च्यांवर अर्ध्या ब्लेडचा वस्तराच चालतो. कारागीर कागदासकट ब्लेड दुमडतो, टक्कन दोन तुकडे करतो, एक तुकडा दांड्यात सरकवतो आणि दाढी झाली की टाकून देतो. रोज वीस-पंचवीस गालांवर हात फिरवणाऱ्यानं हेच करायला हवं. एकाचं रक्त दुसऱ्याला लागायचा प्रश्न मिटतो. पण त्यामुळे धार लावण्याची विद्या दुकानातून गेली. जुन्या पेठेत एखाद्या म्हाताऱ्या कारागिराच्या खुर्चीला अजून पट्टा लटकत असेल तर नशीब समजा आणि त्यांच्याशी बोलत बसा.

ज्याला दाढीला पाच मिनिटांच्या वर द्यायची नाहीत, त्यानं घरीही हा अर्ध्या ब्लेडचाच घ्यावा. स्वस्त आहे, कटकट नाही. फक्त ते ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं आणि भलतंच तिखट असतं. कोन जरा चुकला की चामडी सोलतं. खऱ्या वस्तऱ्याचं पातं जड असतं, स्वतःच्या वजनानं गालावरून उतरतं, आणि धार नीट असेल तर नंतर तुरटी फिरवताना चेहरा कमी चुरचुरतो. हा आराम हवा असेल तरच पुढचा खटाटोप करा.

धार जाते कशानं

पाण्यानं गंजते आणि केसानं तुटते. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी तुटते. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे दाखवलं: केस वाकून धारेला तिरका लागला आणि नेमका पोलादाच्या रचनेतल्या एखाद्या कच्च्या जागेशी भिडला, की तिथला सूक्ष्म कपचा उडतो. त्यांचे प्रयोग वापरून टाकायच्या रेझरच्या ब्लेडवर होते, पण पोलाद आणि केस यांचं नातं वस्तऱ्यावर काही वेगळं होत नाही. दाढी गरम पाण्यानं भरपूर भिजवायची ती यासाठीही. भिजलेला केस मऊ पडतो.

उडालेला कपचा पट्टा भरून काढत नाही. पट्टा धारेवरचा साबणाचा, ओलीचा, गंजाचा पातळ थर पुसतो आणि कलंडलेली सूक्ष्म कड सरळ करतो. नवी धार घडवायची तर धातू काढावा लागतो, ते काम दगडाचं किंवा फिल्मचं. एक काम दर दाढीला, दुसरं काही महिन्यांतून एकदा. आता सांगा, भारी वस्तू कोणती घ्यायची?

पट्टा: टांगता की फळीवरचा

टांगत्या पट्ट्याला एका अंगाला सुती कॅनव्हास किंवा लिनन असतं, दुसऱ्याला चामडं. वरचं टोक खिडकीच्या गजाला अडकवायचं, खालचं डाव्या हातानं ताणून धरायचं. कापडावर वीसेक फेरे, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. पात्याची जाड पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पातं पाठीवर वळवायचं आणि परत यायचं. पाठ आणि धार दोन्ही सतत चामड्याला टेकलेल्या हव्यात. दाब जवळजवळ नाहीच.

इथे नवशिक्याचे दोन घोटाळे होतात. वेग वाढला की हात पट्टा ढिला सोडतो, पट्ट्याला पोट पडतं आणि धार गोल होते. मग दगड कितीही भारी असो, गालावर केस ओढलेच जाणार. दुसरा घोटाळा वळणावर: पाठीऐवजी धारेवर वळवला की चामड्यात अर्धगोल काप पडतो. लहान काप बारीक पॉलिश पेपरनं घासून चालून जातो. मोठा असेल तर पट्टा गेला.

फळीवरच्या पट्ट्याला पोट पडत नाही. लाकडाच्या सपाट पट्टीवर चामडं चिकटवलेलं, एका हातात मुठीसारखं धरायचं. कमी जागेत होतं, बाथरूमच्या बाहेर उभ्याउभ्या होतं. तोटा एवढाच की तो आखूड असतो, आणि फळी थोडी जरी वाकली असली तर धार फक्त मधल्या भागालाच मिळते. शिकायला फळी बरी, कायमच्या वापराला टांगता बरा. दोन्हीत रुंदी तीन इंच घ्या. दोन इंची पट्ट्यावर पातं तिरकं सरकवत न्यावं लागतं. ते जमतं, पण पहिल्या महिन्यात नाही.

चामड्यासाठी लांब जायची गरज नाही. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा आणि सोलापूरलाही आहे. म्हणजे झाडाच्या साली-फळांत कमावलेलं चामडं याच भागात मिळतं. असं टणक चामडं क्रोममध्ये कमावलेल्या लुसलुशीत चामड्यापेक्षा या कामाला चांगलं. पण चपलेचा तळ आणि वस्तऱ्याचा पट्टा यांच्या गरजा वेगळ्या आहेत. तळाचं चामडं जाड, खरबरीत असतं, कुठे व्रण, कुठे गाठ. सलग सपाट पट्टी मिळाली तरच घ्या. नख आडवं फिरवून बघा, कुठेही अडखळता कामा नये. अशी पट्टी फळीवर चिकटवायला उत्तम. टांगत्यासाठी मात्र मी तयारच घेईन.

पट्टा बाथरूममध्ये टांगू नका. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत चामड्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि ओल्या चामड्यावर धार बिघडते. तेलही चोपडू नका. तळहात कोरडा करून रोज चार वेळा चोळला तरी चामडं मऊ राहतं.

दगड की फिल्म

सुरीला धार लावणाऱ्याला कोन सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तसं नाही. जाड पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवले की पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन आपोआप ठरतो. दोन्ही बाजू धरून साधारण १६-१७ अंश. म्हणूनच खाली सपाटी हवी. दगड सपाट नसेल तर वस्तऱ्यात बांधलेला कोन फुकट.

दगडाच्या वाटेनं जायचं तर निदान तीन पायऱ्या लागतात (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक): १००० नंबरवर उतार, म्हणजे धारेलगतची तिरकी बाजू, बसवायचा, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००. त्यापुढे १२००० वर शेवटचा हात. किंग, नानिवा, शॅप्टन हे जपानी दगड आपल्याकडे ऑनलाइन मिळतात. किंगचा १०००/६००० हा दुहेरी दगड घरातल्या सुऱ्यांनाही चालतो, म्हणून पुष्कळ जण तिथून सुरुवात करतात. पण ६००० वर थांबलेली धार दाढीला कडक जाते. पुढचं काहीतरी घ्यावंच लागतं. पूर्ण संचाचा खर्च बघता बघता नव्या वस्तऱ्याच्या वर जातो. शिवाय दगड मधे झिजतो. तो सपाट करायला डायमंड प्लेट किंवा काचेवर पॉलिश पेपर लागतो, आणि हे दर एक-दोन वेळेला. हा खर्च विक्रेता सांगत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कार्बोरंडमचा काळपट दुहेरी दगड यासाठी नाही. ऊसतोडीच्या कोयत्याला, विळ्याला तो छान. वस्तऱ्याला त्याची बारीक बाजूसुद्धा फार भरड. कोणीतरी नेहमी विचारतं की सह्याद्रीचा काळा दगड चालेल का. बेसॉल्टमध्ये वेगवेगळ्या खनिजांचे कण, त्यांचा आकार एकसारखा नाही. तो पाट्या-वरवंट्यालाच राहू द्या. खाणीतून निघणारे धारेचे खरे दगड वेगळे: बेल्जियममधल्या व्हिएलसाल्म भागातला पिवळसर कॉटिक्यूल, त्यात गार्नेटचे बारीक कण असतात; किंवा अमेरिकेतला आर्कान्सा. सुंदर असतात, महाग असतात, आणि दोन तुकडे सारखे निघत नाहीत. पहिला दगड म्हणून नकोच.

आता फिल्म. हा प्लास्टिकचा पातळ ताव, त्यावर मोजक्या आकाराचे घर्षक कण बसवलेले. ऑप्टिकल फायबरची टोकं घासायला कारखान्यांत वापरतात. १२, ९, ३ आणि १ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असे चार ताव पुरतात, त्यापुढे ०.३ हौसेसाठी. एका तावाच्या तीन पट्ट्या होतात. खाली काच हवी: काचवाल्याकडून १० किंवा १२ मिलिमीटर जाडीचा, पट्टीपेक्षा थोडा मोठा तुकडा कापून, कडा मारून घ्यायचा. काचेवर पाणी शिंपडून फिल्म पसरली की चिकटून बसते. रबरी वायपरनं किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं मधून बाहेर पुसत खालची हवा काढायची. मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी तिथे उंचवटा होतो आणि धार नेमकी त्यावर घासते. पाणी वरूनही शिंपडायचं.

हात दोन्हीवर सारखाच चालतो: धार पुढे, पाठ मागे, पट्ट्याच्या उलट. पहिल्या पायरीला उताराच्या दोन्ही बाजूंना परमनंट मार्करची शाई लावा. दोन-चार फेऱ्यांनी बघा, शाई अगदी धारेपर्यंत पुसली गेली का. टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळ, किंवा टोकाकडे राहिली असेल तर तिथे पातं टेकतच नाही. घड्याळजी डोळ्याला लावतात ती १० पट मोठं दाखवणारी भिंग इथे फार उपयोगी. कपचे लख्ख दिसतात. आणि दगडावर असाल तर पाण्याकडे लक्ष ठेवा. उतार नीट बसला की धारेपुढचं पाणी दगडावर ढकललं न जाता पात्याच्या अंगावर चढायला लागतं. हे टाचेपासून टोकापर्यंत सलग दिसलं तरच पुढचा नंबर. पहिल्या पायरीची चूक १२००० वर सुधारत नाही, फक्त चकचकीत होते.

दोघांत फरक असा की दगड सांगत राहतो. घासण्याचा आवाज बदलतो, ओढ बदलते, गाळाचा रंग बदलतो. हात त्यातून शिकतो. फिल्म जवळजवळ गप्प असते, पण दर वेळी सपाट आणि दर वेळी सारखी, म्हणून पहिल्या प्रयत्नांना जास्त क्षमाशील. जड हाताला मात्र ती फाटते, आणि झिजली की टाकावीच लागते. एक-दोन वस्तरे, भाड्याचं घर, स्वयंपाकाच्या ओट्यावर काम: फिल्म. जुने वस्तरे जमवायचा नाद लागलाय, घरच्या सुऱ्याही करायच्यात, रविवारची दुपार यात जावी असं वाटतंय: दगड घ्या, कोणाचं ऐकू नका.

जुन्या वस्तऱ्याच्या पाठीवर नक्षी किंवा सोनेरी काम असेल तर पाठीला इलेक्ट्रिशियनची टेप एक थर लावा. कोन किंचित वाढतो, नक्षी वाचते. टेप घासली गेली की बदला.

हिरवी पेस्ट

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट, साधारण अर्ध्या मायक्रॉनची, वेगळ्या चामड्याला किंवा कापडाला चोळून त्यावर पाच-दहा फेरे दिले की थकलेली धार चक्क उठते. स्वस्तात दगड पुढे ढकलायचा हा उपाय. पण चामडं दाबलं जातं, धारेला वेढतं, दर वेळी थोडी गोलाई देतं. वर्षभर पेस्टवरच काढलं तर शेवटी पुन्हा पहिल्या पायरीपासून उतार बसवावा लागतो. रोजच्या पट्ट्याला ती कधीही लावू नका. बाजारात ‘पॉलिश’ म्हणून मिळणाऱ्या वड्यांत कण किती मोठे याची खात्री नसते, तेव्हा वस्तऱ्यासाठी म्हणून विकली जाते तीच घ्या.

दुसऱ्याकडून लावून घ्यावी का

सायकलला चाक जोडून गल्लोगल्ली कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे वस्तरा देऊ नका. त्याच्या कामात तो तरबेज असतो, पण कोरड्या फिरत्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. ठिणग्या उडाल्या की समजायचं.

खरं तर आपल्या भागाला ही विद्या परकी नाही. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची गरज सरली तसे ते तंबोरे-सतारींकडे वळले. आज वस्तऱ्याची धार हौशी लोक टपालानं करून देतात. पहिली धार अशी जाणत्याकडून करून घ्यायला माझी पूर्ण संमती आहे. चांगली धार गालाला कशी लागते हे एकदा कळलं की मग घरी घासताना कुठे पोचायचं ते ठाऊक असतं. पट्टा आधी घ्यायचं दुसरं कारण हेच: धार आयती मिळेल, पण दुसऱ्या दाढीपासून पट्टा तुम्हालाच मारायचाय.

यातलं काहीही मागवण्याआधी ट्रंकेतला तो वस्तरा मात्र उजेडात धरा. पाठ सरळ आहे का, टाचेजवळ बारीक चीर आहे का, आणि गंजाचे काळे खड्डे धारेपर्यंत पोचलेत का. पात्याच्या मधले डाग चालतात. धारेवरचे खड्डे घासून काढले तरी खाली नवे निघतात. तसं असेल तर त्याला तेलाचं बोट लावून शोकेसमध्ये ठेवा, आणि पट्टा नव्या वस्तऱ्याच्या हिशेबानं घ्या.