मस्टँग, कॅमारो, लमाँ की डस्टर? पहिली जुनी मसल कार घेण्याआधी

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते. 1995 पासून भरतेय. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅक शहरापर्यंत रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून माणसं बसतात आणि समोरून दिवसभर जुन्या गाड्या जात राहतात. त्यानंतरच्या आठवड्यात मला हमखास दोन-तीन फोन येतात, बहुतेक मिशिगनमधल्या आपल्याच मराठी मंडळींचे. "दादा, एक जुनी मस्टँग बघितलीय. इंजिन एका झटक्यात सुरू होतं. घेऊ का?"

मी विचारतो, गाडीखाली झोपून बघितलंस का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं.

मी फोर्डची 1967 ची मस्टँग कूपे चार हिवाळ्यांत उभी केली. त्याआधी शेव्हरलेची एक कॅमारो घेतली होती, ती अर्ध्यात सोडून विकावी लागली. मित्राच्या प्लिमथ डस्टरवर दोन वर्षं दर रविवारी हात काळे केलेत. या तिन्ही गाड्या आणि सोबत पाँटिअ‍ॅकची लमाँ, पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यासमोर बहुधा हेच पर्याय असतात. पहिल्यांदा घेणारा म्हणजे दोन गाड्यांचं गॅरेज, नोकरी, घरात शाळेतली मुलं आणि शनिवार-रविवारचा वेळ, हे गृहीत धरून लिहितोय.

नावाचा घोळ आधी मिटवू. खरी मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं मोठ्या गाडीचं इंजिन. 1964 मध्ये जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅकने हेच केलं. जनरल मोटर्समध्ये मध्यम गाडीला 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन लावायचं नाही असा नियम होता. तिथले मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 389 चं इंजिन वेगळं मॉडेल म्हणून न आणता लमाँवरचं ऑप्शन म्हणून विकायला काढलं. तीच जीटीओ. मस्टँग आणि कॅमारो या त्या मानाने लहान, त्यांना पोनी कार म्हणतात. गॅरेजमध्ये काम करताना हा भेद फारसा आड येत नाही, म्हणून सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतोय.

इंजिन नंतर, पत्रा आधी

डेट्रॉइट शहराच्या खाली, जमिनीपासून सुमारे 1,100 फुटांवर, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ पडतं आणि तेच मीठ गाड्यांचा पत्रा खातं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांना आजच्यासारखं गंजरोधक गॅल्व्हनायझिंग नव्हतं. त्यामुळे मिशिगन-ओहायोत आयुष्य काढलेली गाडी वरून लालभडक चमकत असली, तरी खालून चाळणी झालेली असू शकते.

इंजिनाचं दुखणं मर्यादित असतं. कोल्हापूरला उद्यमनगरात मामांच्या वर्कशॉपमध्ये मी लहानपणापासून इंजिनं खोलताना आणि बांधताना बघितलीत. बोअर करा, रिंग-पिस्टन बदला, क्रँक घासून घ्या, काम संपतं आणि खर्चाचा अंदाजही आधी बांधता येतो. पत्र्याचं तसं नाही. एक भोक कापायला जावं तर त्यामागे तीन निघतात. माझ्या मस्टँगच्या चार हिवाळ्यांपैकी अडीच हिवाळे नुसते कापण्यात आणि वेल्डिंगमध्ये गेले. इंजिन दीड महिन्यात बांधून झालं होतं.

म्हणून मी अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको किंवा कॅलिफोर्नियाच्या आतल्या कोरड्या भागातली गाडी सुचवतो. तिकडच्या उन्हाने डॅशबोर्डला तडे जातात, सीटचं कापड जीर्ण होतं, दारांची रबरं कडक होऊन पडतात. हे सगळं नवं विकत मिळतं आणि घरी बसून बदलता येतं. न चालणारं इंजिन आणि कोरडा पत्रा एका बाजूला, चालणारं इंजिन आणि सडका पत्रा दुसऱ्या बाजूला, असं असेल तर मी डोळे झाकून पहिली घेईन.

मस्टँग आणि कॅमारो

मस्टँग 17 एप्रिल 1964 ला बाजारात आली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाखांवर विकली गेली. तुमच्या फायद्याची गोष्ट हीच आहे. इतक्या गाड्या बनल्या, इतक्या टिकल्या, म्हणून तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा बनतो. फ्लोअर पॅन, फेंडर, दाराच्या मुठी, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, सगळं कॅटलॉगमधून घरपोच येतं.

तिचं वर्मस्थान काउल. समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे, हवा आत घ्यायच्या फटी आहेत. त्या फटींतून पावसाचं पाणी आणि पालापाचोळा आतल्या पोकळीत जातो, ओल धरतो, पत्रा आतून सडतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. गाडी बघायला जाताना मी चार लिटरची पाण्याची बाटली आणि टॉर्च नेतो. मालकाची परवानगी घेऊन पाणी त्या फटींवर हळूहळू ओततो आणि लगेच आत पाय ठेवायच्या जागेत उताणा पडून डॅशबोर्डखाली टॉर्च मारतो. माझ्या स्वतःच्या गाडीत हीटरच्या खोक्यावर आधी एक थेंब आला, मग दुसरा, मग गालिच्यावर धार लागली. काउल दुरुस्त करायचा म्हणजे शंभराहून जास्त स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक सोडवायचे, वरचा पत्रा उचलायचा, खालचा नवा घालायचा आणि सगळं परत जोडायचं. पाणी गळत असेल तर हे काम किमतीतून वजा करूनच बोली लावा. सोबत टॉर्क बॉक्स, मागचे फ्रेम रेल आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मस्टँगला वेगळी चेसी नाही, हा पत्राच तिचा सांगाडा आहे.

चाकांकडेही नीट बघा. 1965 ते 1968 च्या मस्टँगच्या चाकाला चार नट असतील, तर ती गाडी सहा सिलिंडरची म्हणून जन्मली. व्ही-एटला, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाला, पाच असतात. सहा सिलिंडरच्या गाडीत व्ही-एट टाकून विकतात. त्यात ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंगचे सांधे सगळं हलक्या इंजिनाच्या हिशेबाचं राहून जातं. व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, तोही बोलतो. 7R01C अशी सुरुवात असेल तर 1967 ची, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत बनलेली, हार्डटॉप, 289 चं दोन बॅरल कार्ब्युरेटरवालं इंजिन. शिवाय 1967 पासूनच्या फोर्ड गाड्यांचा मार्टी रिपोर्ट मिळतो. फोर्डच्याच उत्पादन नोंदींवरून तुमची गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात, कुठल्या गिअरबॉक्ससह निघाली ते त्यात कळतं. 1965-66 च्या गाड्यांना ही सोय नाही. 1967 पासून ब्रेकचा मास्टर सिलिंडरही दुहेरी झाला. एक सर्किट फुटलं तरी दुसरं चालतं. मुलांना मागे बसवून फिरायचं असेल तर एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

आता कॅमारो. रस्त्यावरून जाताना मान वळते ती 1969 च्या कॅमारोकडे, हे मी मनापासून मान्य करतो. कामालाही ती काही बाबतींत सोपी आहे. पुढचा सबफ्रेम रबरी बुशांवर बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे पुढचा सगळा भाग इंजिनसकट सोडवून बाजूला ओढता येतो. शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक इंजिन अमेरिकेतल्या कुठल्याही गावात दुरुस्त होतं. त्यातलं 350 क्युबिक इंचांचं पहिल्यांदा बसवलं गेलं तेही 1967 च्या कॅमारोतच. पार्टची अडचण नाही. 1969 च्या कॅमारोचं तर अख्खं नवं बॉडी शेलसुद्धा विकत मिळतं.

अडचण आहे ती खऱ्या-खोट्याची. मस्टँगच्या व्हिनमध्ये इंजिनचं अक्षर असतं. पहिल्या पिढीच्या कॅमारोच्या व्हिनमध्ये 123 म्हणजे सहा सिलिंडर आणि 124 म्हणजे व्ही-एट, यापलीकडे काही नाही. गाडी एसएस किंवा झेड/28 (कॅमारोचे जास्त ताकदीचे, महाग प्रकार) आहे की साधी, ते नंबर सांगत नाही. 1969 मध्ये कॅमारो अडीच लाखांच्या जवळपास बनल्या, त्यांत झेड/28 फक्त 20,302. पण एसएसचे बिल्ले, पट्टे, बॉनेट सगळं बाजारात मिळत असल्यामुळे साध्या गाडीची एसएस करणं एका आठवड्याचं काम आहे. मी घेतलेली 1969 ची गाडी एसएस म्हणूनच विकली गेली होती. विकणाऱ्याकडे मूळ कागद एकही नव्हता आणि मी उत्साहात तो मागितलाही नाही. घरी आणून मागच्या चाकावरच्या पत्र्याला लोहचुंबक लावलं तर ते चिकटेना. खरवडलं तेव्हा पाऊण इंच जाडीची लांबी (पुट्टी) भरलेली निघाली, तिच्याखाली जाळी आणि जाळीखाली काहीच नाही. मागच्या काचेखालची पन्हाळही सडलेली होती. व्हिनाइलचं छप्पर असलेल्या गाड्यांत तिथे ओल अडकते, म्हणून ती जागा बोटाने दाबून बघायलाच हवी. ती गाडी सोडताना मला फार वाईट वाटलं. बायकोने निवडलेला रंग आणून ठेवला होता, तो डबाही उघडला गेला नाही.

तेव्हा कॅमारो घ्यायचीच असेल तर साधी 124 म्हणून, साध्या गाडीच्या भावात घ्या. एसएसचे जास्तीचे पैसे फक्त कागद बघून मोजा: मूळ विंडो स्टिकर, डीलरचं बिल, प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीसाठी दिलेली धातूची पट्टी). इंजिनवरचे जुळणारे नंबर बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण ब्लॉकवरचा नंबर घासून नव्याने ठोकता येतो.

लमाँ

ज्याला खऱ्या अर्थाची मसल कार हवी आणि जीटीओची किंमत झेपत नाही, त्याने लमाँ बघावी. पत्रा तोच, बसण्याची ऐट तीच. 1966 ते 1971 च्या गाड्यांत व्हिन 242 ने सुरू झाला तरच जीटीओ, त्यामुळे फसवणुकीला जागा कमी. पीएचएसकडून (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कारखान्याच्या नोंदींची प्रतही मागवता येते. पाँटिअ‍ॅकच्या 326 पासून 455 पर्यंतच्या व्ही-एट इंजिनांचा बाहेरचा आकार सारखाच असल्याने 326 वाल्या लमाँत 400 सहज बसतं. मात्र हिला वेगळी चेसी आहे. मागच्या चाकांजवळ चेसी गंजली असेल तर विषय तिथेच थांबवा. आणि गाडी लांब आहे, टेप घेऊन आधी आपलं गॅरेज मोजा. शेव्हरलेच्या शेव्हेलचंही बरंचसं असंच, फक्त तिच्या एसएसला पुन्हा कॅमारोचाच रोग आहे. 1969 पासून व्हिनवरून एसएस ओळखता येत नाही.

डस्टर आणि डार्ट

या गाड्यांवर माझा जीव आहे, आणि त्यांच्याबद्दल विचारणारे फार थोडे भेटतात. 1970 ची प्लिमथ डस्टर 340 म्हणजे 275 हॉर्सपॉवर हलक्या अंगात. तिची मूळ 340 आता महाग झालीय, पण 318 ची डस्टर किंवा तिची बहीण डॉज डार्ट या चौघींत सगळ्यात स्वस्तात पडते. पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहेत, एक बोल्ट फिरवून गाडीची उंची कमी-जास्त होते. ते बार जिथे अडकतात तो क्रॉसमेंबर सडला असेल तर मात्र गाडी घेऊ नका.

मित्राच्या डस्टरचं चाक काढताना आम्ही दोघं पाऊण तास डाव्या बाजूच्या नटांशी झगडत होतो. मग शेजारचे एक निवृत्त गृहस्थ कुंपणापलीकडून म्हणाले, उलटं फिरवा. त्या काळातल्या क्रायस्लरच्या (प्लिमथ, डॉज) गाड्यांना डाव्या बाजूला डाव्या आट्यांचे नट असायचे. त्याच गाडीची मागची सीट उचलली तेव्हा स्प्रिंगांमध्ये उंदरांनी कुरतडलेला एक पिवळट कागद सापडला, कारखान्यातला बिल्ड शीट. त्यावर गाडीचं प्रत्येक ऑप्शन छापलेलं होतं. मोपारवाल्यांना, म्हणजे क्रायस्लरच्या गाड्यांच्या शौकिनांना, ही जागा माहीत असते. तुम्हीही सौदा ठरण्याआधी सीटखाली हात घालून बघा.

डस्टरचा तोटा एकच, पण मोठा आहे. पत्र्याचे तुकडे थोडेफार मिळतात, पण क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा, आतलं प्लास्टिक यांसाठी जुन्या बाजारात हिंडावं लागतं, ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीपर्यंत जावं लागतं. म्हणून अपूर्ण डस्टर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. मस्टँग अपूर्ण असली तरी चालते, कारण राहिलेलं दाराशी येतं.

तर कोणी काय घ्यावं

पहिल्यांदाच घेत असाल तर 1967 किंवा 1968 ची मस्टँग हार्डटॉप, 289 किंवा 302 वाली, कोरड्या राज्यातली, मार्टी रिपोर्टसह. फास्टबॅकच्या मागे लागू नका. त्या उतरत्या छपराचे पैसे फार जास्त पडतात आणि खालचं काम तेवढंच राहतं. 390 चं मोठं इंजिनही पहिल्या गाडीत नको. शॉक टॉवरच्या मध्ये ते इतकं घट्ट बसतं की स्पार्क प्लग बदलायलाही हात शिरत नाही. वेल्डिंग येत असेल आणि पार्ट शोधत हिंडायला आवडत असेल तर पूर्ण स्थितीतली डस्टर घ्या, तुम्हाला ती मस्टँगपेक्षा जास्त आनंद देईल असं मला वाटतं. कॅमारो दुसरी गाडी म्हणून ठेवा, डोळे तयार झाल्यावर.

वेल्डिंग येत नसेल आणि शिकायचंही नसेल तर दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी घ्या. रिस्टोरेशनवर झालेला खर्च विकताना क्वचितच वसूल होतो, तो आधीचा मालक सोसून बसलेला असतो. फक्त कामाचे फोटो मागा, रंग देण्याआधीच्या उघड्या पत्र्याचे. फोटो नसतील तर पुढची गाडी बघा.

शोध क्रूझनंतर लगेच सुरू केलात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात चांगला सौदा जमतो, कारण हिवाळ्याआधी लोकांना गॅरेज रिकामं करायचं असतं. पण गाडी दक्षिणेतून येणार असेल तर बंद ट्रेलरच ठरवा, थोडे पैसे जास्त गेले तरी. साठ वर्षं कोरड्या हवेत जपलेला पत्रा मिठाची पहिली गाडी आपल्या रस्त्यावरून जायच्या आत गॅरेजमध्ये शिरला पाहिजे.