कागदपत्रं नसताना कॅलिफोर्नियात कॉलेज: कम्युनिटी, यूसी की खासगी?

हायस्कूल कॅलिफोर्नियात झालं, पण इमिग्रेशनचे कागद नाहीत. किंवा एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असताना २१ वर्षं पूर्ण झाली आणि स्टेटस गेलं. अशा मुलापुढे मुख्यतः तीन वाटा असतात: दोन वर्षांचं सरकारी कम्युनिटी कॉलेज, यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, किंवा खासगी कॉलेज. तिन्हींवर केंद्र सरकारची मदत शून्य: पेल ग्रँट नाही, फेडरल कर्ज नाही, वर्क-स्टडी (सरकारी मदतीतली अर्धवेळ नोकरी) हीही नाही. डाका (लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून मिळणारं तात्पुरतं संरक्षण) असला तरी नाहीच. म्हणून फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या मदतीचा अर्ज, भरू नका. राज्याच्या मदतीसाठीचा ड्रीम ॲक्ट अर्ज भरा.

सरकारी कॉलेजांत फी रहिवाशांच्या दराने लागणार की बाहेरच्यांच्या, हे ठरतं एबी ५४० या २००१ च्या कायद्यावर. कॅलिफोर्नियात तीन वर्षांचं शिक्षण आणि तिथूनच हायस्कूल पूर्ण, या त्याच्या ढोबळ अटी. गंमत अशी, की वैध एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा हातात असेल तर हा कायदा लागू होत नाही.

कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांना युनिटमागे (क्रेडिटमागे) ४६ डॉलर पडतात. ट्रान्सफरसाठी, म्हणजे पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जाण्यासाठी, लागणाऱ्या ६० सेमिस्टर युनिटचे झाले २,७६० डॉलर, आणि उत्पन्न कमी असेल तर प्रॉमिस ग्रँटमध्ये तेही माफ. उरतात पुस्तकं, आरोग्य शुल्क आणि येण्याजाण्याचा खर्च. इथे पैशापेक्षा वर्ष वाया जाण्याचा धोका मोठा: यूसी मोजत नाही असे विषय घेतले की दोनाची तीन वर्षं होतात. पहिल्या सेमिस्टरआधीच ‘असिस्ट’ या राज्याच्या साइटवर आपला मेजर (मुख्य विषय) तपासा. सहा यूसी कॅम्पस ट्रान्सफर प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो देत नाहीत.

थेट यूसीत गेलात आणि एबी ५४० नसेल, तर बाहेरच्यांसाठीची जादा फीच वर्षाला ३४ हजार डॉलरच्या वर जाते. एबी ५४० असेल तर ती जादा फी माफ होते, वर कॅल ग्रँट (राज्याची ग्रँट) आणि यूसीची स्वतःची ग्रँट मिळू शकते. कमी उत्पन्नाच्या घरात ट्यूशन बहुतेक भागते, खरा खर्च राहतो तो भाड्याचा. त्यामुळे कॅम्पस घरापासून रोज जाण्याएवढा जवळ असेल, तर फक्त फी पाहून कम्युनिटी कॉलेज निवडू नये, असं आमचं मत. राज्याचं ड्रीम लोन यूसी आणि सीएसयूमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) मिळतं. कम्युनिटी कॉलेजात नाही.

घोळ होतो तो कागदांत. ड्रीम ॲक्ट अर्ज भरला म्हणजे एबी ५४० झालं असं नाही. त्याचं प्रतिज्ञापत्रही कॉलेजकडे पोचावं लागतं. ते राहिलं की बाहेरच्यांच्या दराने बिल येतं. कॅल ग्रँटची मुदत साधारण २ मार्च. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते. सोशल सिक्युरिटी नंबर नसल्याने शाळेने पाठवलेला जीपीए (सरासरी गुण) नाव आणि जन्मतारखेवरून जुळवतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. शाळेत ते आहे आणि अर्जात नाही, एवढ्यावरूनही जुळणी अडू शकते. आणि कुठल्याही फॉर्मवर ‘सिटिझन’वर खूण करू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डची वाट कायमची बंद करू शकतो.

दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल तर जपून. टेक्ससने २००१ मध्ये सर्वांत आधी अशी सवलत दिली, पण जून २०२५ मध्ये ती कोर्टात रद्द झाली. फ्लोरिडाची १ जुलै २०२५ पासून गेली. कॅलिफोर्नियावरही केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये दावा लावला आहे, तेव्हा दर वर्षी फी भरण्याआधी कॉलेजातल्या ड्रीम रिसोर्स लायझनकडे (कागद नसलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणारी व्यक्ती) सद्यस्थिती विचारा.

खासगी कॉलेजांच्या फीवर या दाव्यांचा थेट परिणाम नाही. पोमोना आणि प्रिन्स्टन आर्थिक गरज न बघता प्रवेश ठरवतात आणि गरज पूर्ण भागवतात, पण प्रवेश मिळणंच महाकठीण. बाकीच्यांना लेखी विचारा: आम्हाला देशातले धरता की परदेशी? पॅकेजमध्ये कॅम्पसवरची नोकरी धरली असेल तर वर्क परमिटशिवाय ती रक्कम मिळणार नाही. तिच्या जागी ग्रँट देता का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.