आरपीए शिकायचंय: यूआयपाथ आधी की पॉवर ऑटोमेट?

आरपीए म्हणजे माणसाची संगणकावरची ठरावीक कामं सॉफ्टवेअरच्या ‘बॉट’कडून करून घेणं. त्यातला डेव्हलपर व्हायचं ठरलं की पुढचा घोळ टूलचा. ऑटोमेशन एनीव्हेअर, ब्लू प्रिझम ही नावंही कानावर येतात, पण मला विचारणारे बहुतेक जण यूआयपाथ आणि पॉवर ऑटोमेट या दोघांतच अडकलेले असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: डेव्हलपर म्हणूनच नोकरी हवी असेल तर यूआयपाथने सुरुवात करा. आधीपासून एखाद्या ऑफिसात अकाउंट्स किंवा एचआर बघत असाल, तर पॉवर ऑटोमेट.

सुरुवात दोन्हीकडे फुकटात होते. यूआयपाथचं कम्युनिटी एडिशन आणि अकॅडमीचे कोर्स मोफत आहेत. पॉवर ऑटोमेटचा डेस्कटॉप भाग विंडोज 11 मध्ये आलेलाच असतो. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने सॉफ्टोमोटिव्ह ही ग्रीक कंपनी विकत घेतली, तिच्याकडून तो आला. त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी महिनाभर स्वतः हात चालवून बघा, ही कळकळीची विनंती.

पहिल्या दिवशी पॉवर ऑटोमेट नक्कीच सोपं वाटतं. ॲक्शन, म्हणजे कामाच्या तयार पायऱ्या, एकाखाली एक ओढून टाकायच्या, की फोल्डरमधल्या फायलींची नावं बदलणारा फ्लो तयार. यूआयपाथमध्ये मात्र व्हेरिएबलचा टाइप काय, डेटाटेबलमधली ओळ कशी उचलायची, व्हीबी किंवा सी शार्पमध्ये एक्स्प्रेशन कसं लिहायचं, हे प्रोग्रॅमिंगचं सगळं लगेच अंगावर येतं. कॉमर्स करून आलेल्यांना सुरुवातीचे दिवस जड जातात. घाबरू नका, सवयीने बसतं.

यूआयपाथ आधी म्हणण्याचं माझं मुख्य कारण आहे त्यातलं आरई फ्रेमवर्क, म्हणजे चुका कशा हाताळायच्या याची सोय असलेला बॉटचा तयार सांगाडा. तो का हवा, ते ऐका. माझा पहिला बॉट सप्लायरची बिलं रात्री सिस्टिममध्ये भरायचा. एका रात्री लॉगिन झाल्यावर ‘पासवर्ड बदला’ असा पॉपअप आला आणि बॉट तिथेच अडकला. सकाळी मी पोचलो तेव्हा अकाउंट्समधल्या ताई एकेक बिल हाताने भरत बसल्या होत्या. कुठपर्यंत भरून झालंय, हेही मला त्यांना सांगता येईना. फार वाईट वाटलं होतं. सगळं सुरळीत चालेल असं धरूनच मी तो बॉट लिहिला होता.

फ्रेमवर्क वापरलं की कोणती चूक कोणत्या प्रकारची, हे आधी ठरवावं लागतं. बिलावर पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा) नंबरच नाही, तर ते बिझनेस एक्सेप्शन: पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही, बिल माणसाकडे पाठवायचं. ॲप्लिकेशन हँग झालं तर सिस्टिम एक्सेप्शन: स्क्रीनशॉट घ्यायचा, सगळं बंद करून नव्याने उघडायचं आणि तेच बिल पुन्हा भरायला घ्यायचं. ऑर्केस्ट्रेटर, म्हणजे बॉटवर देखरेख ठेवणारा यूआयपाथचा भाग, त्याच्या क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) प्रत्येक बिलाची नोंद राहते. पॉवर ऑटोमेटमध्येही हे जमवता येतं, पण सांगाडा आपला आपण उभा करायचा, आणि नवख्याला तो सुचत नाही. शिवाय फुकटच्या डेस्कटॉप फ्लोला बटण आपणच दाबावं लागतं. रात्री 2 वाजता आपोआप चालायला हवा असेल तर प्रीमियम लायसन्स लागतं.

पॉवर ऑटोमेटची ताकद वेगळीच आहे. आउटलुकमध्ये मेल आली, अटॅचमेंट शेअरपॉइंटवर गेली, साहेबांकडे टीम्सवर मंजुरीला पोचली, आणि हे करताना स्क्रीनवर एकही क्लिक नाही. कनेक्टर, म्हणजे दोन ॲप्लिकेशन थेट जोडणारा तयार दुवा, उपलब्ध असेल तिथे स्क्रीनला हात लावूच नये, असं मी आग्रहाने सांगेन, कारण स्क्रीन बदलली की बॉट मोडतो. कंपनीत मायक्रोसॉफ्ट 365 असेल तर साहेबांना पटवणंही सोपं जातं. आपल्याच विभागातलं रोजचं कंटाळवाणं काम सोडवून दाखवलंत, तर कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा त्याचं वजन जास्त पडेल.

अजूनही ठरत नसेल तर एक रविवार काढा. ‘आरपीए चॅलेंज’ नावाची सरावाची साइट आहे. एक्सेलमधल्या 10 ओळी फॉर्ममध्ये भरायच्या, आणि प्रत्येक सबमिटनंतर सातही रकाने जागा बदलतात. आपले क्लिक टिपून तसेच्या तसे परत करणाऱ्या रेकॉर्डरवर विसंबलात तर दुसऱ्याच फेरीत आडनाव फोनच्या रकान्यात जाईल. रकान्याच्या लेबलवरून तो शोधायला बॉटला शिकवावं लागतं. सकाळी यूआयपाथमध्ये करा, जेवून पॉवर ऑटोमेटमध्ये. ज्यात अडकल्यावर उठून जावंसं वाटलं नाही, त्याचा कोर्स सोमवारी सुरू करा.