वर्ख सोन्याचा की चांदीचा?

चवीचं म्हणाल तर दोन्ही सारखेच: शून्य. काजूकतलीवरचा वर्ख जिभेला कळतही नाही, फक्त डोळ्यांना कळतो.

फरक दिसतो तो डबा चार दिवस पडून राहिला की. हवेतल्या गंधकामुळे चांदी हळूहळू काळवंडते, सोनं तसंच पिवळंधमक राहतं. पोटातही सोनं विरघळत नाही. जसं गेलं तसं बाहेर. म्हणजे एवढ्या महागाचं सोनं शेवटी कुठे जातं, ते सांगायला नको!

भेसळीची भीती मात्र चांदीतच जास्त, कारण ॲल्युमिनियम तिच्यासारखंच दिसतं. वर्ख दोन बोटांत चोळून बघा. चांदी असेल तर बोटांवरच विरून जाते, ॲल्युमिनियमच्या बारीक गोळ्या होतात. पूर्वी वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत ठेवून कुटत. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चांदीच्या वर्खात प्राणिजन्य काही चालणार नाही आणि चांदी किमान ९९.९ टक्के शुद्ध हवी, असा नियम केला. उपवासाला किंवा नैवेद्याला मिठाई नेणाऱ्यांनी दुकानात एवढं तरी विचारावं.

माझं मत? रोजच्या मिठाईला चांदीसुद्धा नको, नुसता पिस्त्याचा काप पुरे. लग्नाच्या रुखवतात मिरवायचं असेल तर सोनं घ्या.