हाडांच्या कोळशाचा फिल्टर : साडेचार महिने वापरल्यावर

आमच्या शाळेजवळची हापशी लाल रंगवलेली आहे. लाल म्हणजे पिऊ नका. तरी लोक पितात, कारण एप्रिल-मेमध्ये तिलाच पाणी असतं. माझ्या घरचं बोअरिंग तिच्यापासून शंभर पावलांवर, फक्त त्याला कोणी रंग दिलेला नाही. मागच्या वर्षी नमुना तपासून आणला तर लिटरमागे ३.४ मिलिग्रॅम फ्लोराइड. चालतं किती, तर १. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. पांढरकवड्याच्या या पट्ट्यात हे आकडे ऐकून आता कोणी दचकत नाही. बाबांची मान वळत नाही, मागून हाक मारली की ते अख्खेच वळतात.

मोठ्या पोराच्या दातांवर तपकिरी पट्टे आलेत, त्याला आता कोणताही फिल्टर काही करणार नाही. धाकटी तीन वर्षांची आहे. तिचे पक्के दात अजून हिरडीत घडतायत, आणि ते काम आठेक वर्षांपर्यंत चालतं. तिच्यासाठी हा डबा घेतला.

आधी बाकीचं करून पाहिलं होतं. बायको पाणी उकळायची. उकळून जंतू मरतात, फ्लोराइड उडत नाही, उलट पाणी आटून दाट होतं. मग तुरटी-चुन्याची पद्धत. तिचं नाव तेलंगणातल्या नलगोंड्याचं, पण ती काढली आपल्या नागपूरच्या नीरीने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संशोधन संस्थेने. चांगली आहे, पण रोज बादलीत ढवळा, तासभर निवळू द्या, खालचा गाळ कुठे टाकायचा ते शोधा. पंधरा दिवसांत कंटाळलो. आरओला लाइट लागते आणि अर्ध्याहून जास्त पाणी नालीत जातं. मे महिन्यात बायकोला ते पाणी नालीत जाताना दाखवायची माझी हिंमत नाही.

तर हा फिल्टर. दोन बादल्या एकावर एक, वरच्या बादलीत पाच किलो म्हशीच्या हाडांचा कोळसा, खालच्या बादलीला तोटी. २,४०० रुपये, नागपूरहून एसटीच्या पार्सलने आला. केनियात नाकुरूकडे असे फिल्टर बरीच वर्षं वापरात आहेत, असं माझ्या भाच्याने सांगितलं, तो रसायनशास्त्र शिकतो. त्याच्याकडून एक गोष्ट नीट समजली. यात कोळशाचं काम फारसं नाहीच. लाकडाचा कोळसा भरला तर फ्लोराइड जसंच्या तसं खाली येईल. काम करतो तो हाडातला कॅल्शियम-फॉस्फेटचा भाग, फ्लोराइड त्यालाच जाऊन चिकटतं. बाबांच्या मानेत तेच झालंय.

पहिलं पार्सल वाया गेलं. पाणी पिवळसर आलं आणि त्याला नख जाळल्यासारखा वास. मी दहा-बारा दाणे पाट्यावर फोडले, आत चॉकलेटी. म्हणजे कच्ची भट्टी. हाड कमी हवेत पाचशे डिग्रीच्या आसपास भाजावं लागतं. कमी भाजलं तर असा वास, जास्त भाजलं तर पांढरं पडतं आणि फ्लोराइड धरायची ताकद जाते. विकणाऱ्याने वाद न घालता माल बदलून दिला, पण बारा दिवसांनी, आणि पार्सलचे पैसे माझेच गेले. दुसरा माल राखाडी-काळा होता, मधूनमधून पांढरे दाणे. पाच बादल्या काळं पाणी वांग्यांना घातलं तेव्हा कुठे स्वच्छ यायला लागलं. वास नाही, चव बोअरच्या पाण्यापेक्षा थोडी सपक.

माझी चक्की आहे, त्यामुळे दाण्याबद्दल मला बोलायचा हक्क आहे. दाणा ज्वारीच्या कण्यांएवढा पाहिजे. यांच्या मालात भुगा फार. आठ दिवसांत तळाशी लादी बसली आणि पाणी थेंब-थेंब यायला लागलं. कोळसा काढून चाळला, पुन्हा भरला, आता तासाला पाच लिटर पडतं. याहून जोरात पडू देऊ नका, पाण्याला कोळशासोबत वेळ मिळाला पाहिजे. चाळायला घेतली ती नेमकी माझ्या मायची चाळणी. तिने पाहिलं.

“काय पाजून राह्यला रे पोरीले? हाडकं?”

तेव्हापासून घरात दोन माठ आहेत. माय माळकरी, तिच्यासाठी मी मारुतीजवळच्या विहिरीचा एक हंडा रोज गाडीवर आणतो. भाच्याने तिला पटवायला सांगितलं की परदेशात साखरही हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करत आलेत. तिने तीन दिवस गुळाचा चहा घेतला. फिल्टरचं पाणी काही घेतलं नाही. विकणाऱ्याच्या कागदावर ‘नैसर्गिक खनिज माध्यम’ छापलंय, हे मला आवडलं नाही. हाड आहे तर हाड लिहा. ज्याला चालेल तो घेईल.

आता खरी तक्रार. हा डबा संपला हे कळतच नाही. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. कोळसा फ्लोराइडने भरून गेला तरी पाणी तसंच गोड लागतं आणि तुम्ही खुशाल पोरीला पाजत राहता. मी तपासणीची किट वेगळी विकत घेतली. थेंब टाकले की बोअरचं पाणी पिवळं होतं, फिल्टरचं गुलाबी राहतं. प्रयोगशाळेतही तीनदा दिलं : पहिल्या महिन्यात ०.५, तिसऱ्यात ०.९, सव्वाचार महिन्यांनी १.७. कागदावर सहा महिने लिहिलंय. हिशोब सोपा आहे, किलोमागे दीड ग्रॅम फ्लोराइड धरलं तर पाच किलोत साडेसात ग्रॅम. आमचं रोजचं वीस लिटर पाणी, त्यातून दिवसाला छप्पन मिलिग्रॅम निघतं, म्हणजे एकशे चौतीस दिवस. ज्याच्या पाण्यात २ आहे त्याला दुप्पट जाईल. हे विकताना विचारायला काय जातं? आणि किट डब्यातच द्या, दोनशे रुपये जास्त घ्या.

जंतू यात मरत नाहीत, पावसाळ्यात खालच्या बादलीत क्लोरीनचे थेंब टाकावेच लागतात.

पाचपैकी साडेतीन. पाण्याला पाच देईन, कागदाला एक. घरात लहान पोर असेल, लाइटचा भरवसा नसेल आणि हाडाचं वावडं नसेल तर घ्या, पण किटशिवाय घेऊ नका. जुना कोळसा परत घेऊन नवा चारशे रुपयांत देतो असं विकणारा म्हणाला होता. दिवाळीत आठ दिवस फोन उचलला नाही, मग दिला. हा माल बरा भाजलाय, भुगा मात्र तेवढाच. मायला बाजारातून नवी चाळणी आणून दिली. जुनी चक्कीत खिळ्याला टांगली आहे, गिऱ्हाइकांना दिसणार नाही अशी.