तोरणमाळला लेकरांसह मुक्काम: तंबू की कॅम्परव्हॅन?

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचं पठार साधारण 1,150 मीटर उंचीवर. थंडीत रात्री गारठा झोंबतो, म्हणून तान्हं मूल सोबत असेल तर आमचं मत सरळ कॅम्परव्हॅनला, म्हणजे आतच झोपायची सोय असलेल्या गाडीला.

पण शहाद्याकडचा घाट हलक्यात घेऊ नका. भरलेली व्हॅन उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला तर ब्रेक तापतात आणि पकड सुटते. ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा. मुक्कामी पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवून बघा. ज्या बाजूला घरंगळेल तिकडच्या चाकांखाली फळ्या सरकवा, मग चाकांना दगड लावा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे सुमारे 600 वॅट-अवर: दिवे, पंखा, मोबाइल भागतात, इंडक्शन शेगडी नाही. चौघांना पिणं, स्वयंपाक, भांडी धरून रोज 40 लिटर पाणी भरून घ्या.

तंबू स्वस्त, घाटात निर्धास्त, आणि लेकरांना खरी मजा त्यातच. ‘चार जणांचा’ तंबू सामानासकट तिघांचाच समजा. खालचं प्लास्टिक तंबूबाहेर डोकावलं की पावसाचं पाणी त्यावरून थेट अंथरुणाखाली येतं. कडा आत दुमडा. वरची जाळी बंद केली तर श्वासाचं दव कापडावर साचून पहाटे गोधड्या ओल्या होतात.

निखाऱ्यांची शेगडी दोन्हींत आत नको. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, झोपेत जीव जातो.

जंगलाच्या हद्दीत थांबायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.