सीताबर्डीत छापून घेतलेली लँडो

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाने २०१७ साली स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. त्या संग्रहात त्याच शहरातल्या ब्रूस्टर आणि कंपनी या घोडागाड्यांच्या कारखान्याची एकोणिसाव्या शतकातली रेखाटनेही आहेत. त्यांपैकी एका लँडोचे, म्हणजे दुमडता येणारे छत (हुड) असलेल्या चारचाकी घोडागाडीचे, चित्र मी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून ए-थ्री आकारात छापून, फ्रेम करून घेतले.

ही चित्रे गाडी घडण्याआधी गिऱ्हाइकापुढे ठेवली जात, म्हणून त्यांत घोडा नसतो आणि गाडी बाजूनेच दिसते. पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान असते, कारण वळताना त्याला गाडीच्या पोटाखाली शिरावे लागते. ही कारागिराची गरज चित्रकाराने अशा डौलाने मांडली आहे की ती निव्वळ सौंदर्यासाठी केलेली रचना वाटावी. चाकाचे आरे, धाव आणि कमानीचे (स्प्रिंगचे) एकावर एक बसलेले पाटे शाईच्या केसाएवढ्या रेघांनी काढले आहेत. मला सर्वांत मोहवतो तो हुडाचा काळा रंग. चामड्याची आणि व्हर्निशची झळाळी कागदावर यावी म्हणून जलरंगात बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक वापरत, आणि त्यामुळे तो काळा ओला असल्यासारखा खोल दिसतो.

छपाईची खरी कसोटी इथेच होती. पहिल्या प्रतीत दुकानदारांनी कागदाचा जुना पिवळसरपणा ‘सुधारून’ पांढरा केला, समासातला हस्तलिखित क्रमांक कापला आणि मॅट कागदावर हुड कोळशासारखा निर्जीव उतरला. मूळ चित्र पडद्यावर शेजारी ठेवून दाखवल्यावर मात्र त्यांनी कुरकुर न करता, जादा पैसे न घेता, किंचित तुकतुकीत कागदावर दुसरी प्रत काढून दिली. तिच्यात आऱ्यांच्या रेघा भिंगाखालीही तुटत नाहीत आणि हुडाला पुष्कळशी खोली परत आली आहे; डिंकाचा उठाव अर्थात छपाईत येत नाही.

सागाची अरुंद फ्रेम सुबक आहे. साधी काच मात्र दिवाणखान्यातली खिडकी जशीच्या तशी दाखवते, तेव्हा चकाकी न येणारी काच आधीच मागून घ्यावी. आणि ऑर्डर देतानाच ‘रंग बदलू नका, समास कापू नका’ असे लिहून द्यावे.